वामनरावांच्या खांबांना स्वेटर

भूकंपाशी माझी गाठ आयुष्यात एकदाच पडली, आणि तीही जेमतेम दहा सेकंद. पण त्या दहा सेकंदांवरून माझी बायको, सुमन, आजतागायत मला टोमणे मारते. दिवाळी अंकासाठी कामाच्या आठवणी लिहून द्या असा निरोप आला, तेव्हा ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "लिहा न मग. संत्र्याकडे कसे पळाले होते तेच लिहा." म्हटलं, लिहूनच टाकतो. निदान माझी बाजू तरी कुठे छापून येईल.

तर माझा धंदा घरांचे नकाशे काढण्याचा. पांढुर्ण्याला बसस्टँडसमोर माझं एक खोलीचं दुकान होतं. उंच टेबल, त्याहून उंच स्टूल, टी-स्क्वेअर, आणि भिंतीवर नुसता डिप्लोमा लटकवलेला, कारण लटकवायला दुसरं काही नव्हतं. मी स्वतःला इंजिनियर म्हणवून घ्यायचो. गाव मला 'नक्शेवाले भाऊ' म्हणायचं, आणि शेवटी गावाचंच खरं झालं.

गिऱ्हाइकं एकेक वल्ली. तिगावचे एक गृहस्थ आले, म्हणाले, घर असं काढा की जेवायला बसलो तरी गाडी दिसली पाहिजे. म्हटलं, गाडी कायले पाहता? म्हणाले, "लेट आहे का नाही ते समजते न भाऊ." त्यांना कधी कुठे जायचं नसे, पण गाडी लेट झालेली त्यांना चालत नसे. मी त्यांना रुळांकडे तोंड केलेलं स्वयंपाकघर काढून दिलं. रामाकोन्याच्या एकाने तर घर बांधून पूर्ण झाल्यावर नकाशा काढायला बोलावलं. घराप्रमाणे नकाशा काढायचा, आणि वर तो पास करून आणायचा! अशा लोकांवर माझं पोट होतं आणि जीवही होता.

वामनराव मात्र या सगळ्यांत वेगळे. संत्र्यांचे व्यापारी, आवाज असा की नदीपलीकडच्या सावरगावच्या काठावरून हाक मारली तर अलीकडच्या काठावरचा माणूस मागे वळून पाहील. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी दुमजली इमारत बांधली. खाली संत्र्यांचं गोदाम, वर राहतं घर. गावात तेव्हा कॉलमची बिल्डिंग म्हणजे मोठी शान. आधीची घरं भिंतींवर उभी असत. या नव्या पद्धतीत आधी सिमेंट-लोखंडाचे खांब आणि बीम यांचा सांगाडा उभा करायचा आणि मग मधल्या मोकळ्या जागा विटांनी भरायच्या. सगळा भार सांगाड्यावर, भिंत नुसती आडोशाला. निदान तेव्हा आम्ही सगळे असंच समजत होतो, नक्शेवाले भाऊसुद्धा.

ती इमारत मी काढलेली नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो. दोनेक वर्षांनी एक ट्रक मागे घेताना गोदामाच्या खांबाला घासला, प्लास्टर निघालं आणि आतली गिट्टी हाताने उचलता येईल अशी बाहेर आली. वामनरावांनी मला बोलावलं. मी माझ्याबरोबर नत्थू मिस्त्रीला नेलं. नत्थू म्हणजे माझा उजवा हात. त्याला वाचता येत नसे, पण हातोडीच्या टोकाने ठोकून खांबाचं वय सांगे. त्याने खालून हात पोचेल तिथपर्यंत ठोकलं, कान लावला आणि म्हणाला, "भाऊ, हा खांब नाही, हा चिवडा आहे."

वामनराव हसले नाहीत. त्यांनी वर पाहिलं. वर त्यांची बायको, अनसूयाबाई राहत. त्यांच्या उजव्या पायात लहानपणापासून जोर नव्हता. जिना चढायला-उतरायला पाव तास लागे, म्हणून त्या दोन-दोन महिने खाली येत नसत. पण खिडकीतून सगळं गोदाम चालवत. कोणता ढीग आधी पाठवायचा, कोणती पेटी परत उघडायची, सगळं वरून. मी गेलो की दोरीला बांधलेल्या डोलचीतून चहा खाली यायचा. वर बसून त्या विचारायच्या, "भाऊजी, साखर झाली का बरोबर?" मी कधी कमी म्हटलं नाही, झाली तरी.

बाकीचे खांबही तसेच निघाले, सगळ्यांना मजबुती द्यायचं ठरलं. ती कशी देतात, ते सांगतो. जुना खांब खरवडून काढायचा, त्याच्याभोवती नव्या सळया उभ्या करायच्या, कड्या बांधायच्या आणि चारी बाजूंनी हातभर नाही पण चांगलं चार बोटं नवं काँक्रीट चढवायचं. आमच्या भाषेत त्याला जॅकेट म्हणतात. गावाने दोन दिवसांत त्याचं स्वेटर केलं. "काय भाऊ, वामनरावच्या खांबाले थंडी वाजून राहिली का?" असं बसस्टँडवर चहावाला रोज विचारायचा. मी म्हणायचो, "हाव, आता तुझ्या टपरीचं माप घ्यायला येतो." 

आता माझी चूक. गोदामाची भिंत पुरुषभर उंच होती, आणि तिच्यावर बीमपर्यंत दोन फूट जागा मोकळी सोडून लोखंडी जाळी बसवलेली. आमच्याकडे संत्र्यांच्या गोदामाला अशीच करतात. ढिगाला हवा लागते, कोंडलं की माल गेलाच समजा. जाळीचे गज खांबांत खोल पुरलेले होते. ते काढायचे तर आणखी दिवस लागणार, आणि मृग बहराची संत्री यायला लागली होती; तेवढे दिवस गोदाम रिकामं ठेवायला वामनराव तयार नव्हते. म्हणाले, "वरचे दोन फूट राहू द्या न भाऊ. खालून मजबूत झाला तं वरचं काय पडते?" नत्थूने वरचा भाग ठोकून पाहिला, आवाज टणक आला. म्हटलं, ठीक आहे. स्वेटर भिंतीच्या माथ्यापर्यंतच घातलं, गळ्याचा भाग उघडाच राहिला. काम करताना खांबाच्या दोन्ही बाजूंची वीतभर भिंत फोडावी लागली होती. तीही मी स्वतः उभा राहून पुन्हा विटा-सिमेंटने घट्ट भरून घेतली. सूतभर फट राहू दिली नाही. मग वामनरावांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "आता हत्ती धडकला तरी हलत नाही."

हे वाक्य मला पुढे फार महाग पडलं.

दीड-दोन वर्षांनी नागपूरला आमच्यासारख्या नकाशेवाल्यांसाठी एका कॉलेजात दिवसभराची व्याख्यानं होती. जेवण होतं म्हणून गेलो, खोटं कशाला बोलू. जेवणानंतर एक म्हातारे प्राध्यापक उभे राहिले आणि भूकंपात कोणते खांब मोडतात त्याची चित्रं पडद्यावर दाखवू लागले. अर्धं सभागृह पेंगत होतं, मीही त्यातच. एक चित्र आलं आणि माझी झोप खाडकन उडाली. खांब, पुरुषभर भिंत, वर मोकळी जागा, आणि नेमका त्या मोकळ्या जागेतच खांब तिरका चिरलेला. जाळी तेवढी नव्हती, बाकी वामनरावांचंच गोदाम!

प्राध्यापक सांगत होते ते साधं होतं. जमीन हलते तेव्हा इमारतीचा सांगाडा डुलतो. उंच खांबाला डुलायला जागा असते, तो थोडा वाकतो आणि पुन्हा सरळ होतो. भिंत आडोशाला आहे असं आपण म्हणतो, पण हलायची वेळ आली की ती आडोशाला गप्प बसत नाही, मध्ये पडते. बीमपर्यंत नीट भरलेली असली तर पुष्कळदा मदतही करते. पण अर्धवट असली तर खांबाला माथ्यापर्यंत आवळून धरते आणि वाकायला फक्त वरचा तुकडा उरतो. सगळा धक्का मग त्या दोन फुटांवर. मी काय केलं होतं? खालचा भाग जाड केला, भिंत घट्ट केली, आणि तोच दोन फुटांचा गळा तेवढा जुना ठेवला. जिला मी मजबुती म्हणत होतो, तिने तो गळा आणखीच अडकवला होता. त्या दिवशीचं जेवण मला अजून आठवतं, कारण ते पचलं नाही.

परतीच्या गाडीत मी स्वतःला पुष्कळ समजावलं. आपल्याकडे कुठे होतो भूकंप? कोणाला कळणार आहे? पण डोळे मिटले की डोलची खाली येताना दिसे. मनात येई, वरच्या माणसाला जिना उतरायला पाव तास लागतो. मी घाबरलो होतो, साफ सांगतो. गावात माझं नाव होतं ते या खांबांवरच. जाऊन सांगायचं म्हणजे स्वतःच्या तोंडाने स्वतःचं दुकान बंद करायचं. सुमनने तोंड पाहूनच ओळखलं. सगळं ऐकून एवढंच म्हणाली, "त्या बाईच्या हातचा चहा पुन्हा प्यायचा आहे न? मग जाऊन सांगा."

दुसऱ्या दिवशी शेतातून पराटी, म्हणजे कापसाची वाळकी काडी, घेऊन वामनरावांकडे गेलो. लांब काडी दोन्ही टोकांना धरून वाकवली. वाकली. मग टोकाजवळ मुठीत घट्ट आवळून धरली, वरचं चार बोटं टोक तेवढं मोकळं ठेवलं आणि ढकललं. कट्‌कन मोडलं.

"हे काय आहे?" वामनराव म्हणाले.

"तुमचा खांब आहे. मूठ म्हणजे भिंत. मी चुकलो, वामनराव. भिंत खांबापासून सोडवा लागते, नाही तं वरपर्यंत भरा लागते. अन् स्वेटर बीमपर्यंत न्या लागते."

त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "तुम्हीच म्हणाले होते हत्ती धडकला तरी हलत नाही म्हणून!"

"हत्तीचं अजूनही तेच म्हणतो. भूकंपाचं सांगून राहिलो."

"भूकंप!" ते एवढ्या जोरात ओरडले की पेट्या ठोकणारी माणसं थांबली. "अहो, पांढुर्ण्यात गोटे पडते, गोटे! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीत पडते, साऱ्या गावाले माहीत आहे. भूकंप कोणत्या तिथीले पडते, सांगा बरं! वरपर्यंत भरू म्हणता, तं माल काय माझ्या डोक्यावर वाळवू? पुन्हा गोदाम फोडतो म्हटलं तं लोकं काय म्हणतील? जा तुम्ही." 

मी गेलो. दोन महिने आम्ही एकमेकांशी बोललो नाही. रस्त्यात दिसले की ते पानटपरीकडे पाहायचे आणि मी विजेच्या खांबाकडे. वाटत होतं, जाऊन पाया पडावं. कधी वाटायचं, सांगितलं न आपण, आता आपलं काम संपलं. पण संपलेलं नव्हतं, ते आतून माहीत होतं.

मग एक दिवस गोदामातला माणूस दुकानात आला. म्हणाला, वरच्या बाईंनी बोलावलं, लगेच चला. मला वाटलं, आता या बोलणार. वर गेलो तर अनसूयाबाई खिडकीजवळच्या पाटावर बसलेल्या, समोर ती मोडकी पराटी. त्यांनी ती कोणाकडून तरी वर मागवली होती.

"भाऊजी, तुमच्या भांडणात माझं एक ऐकता का? मी लग्नाच्या आधी बापाच्या बगिच्यात संत्री निवडली आहेत. यांनी नाही. संत्रं वरून सडत नाही, बुडातून सडते. हे वरची हवा, वरची हवा करून राहिले, अन् मले इथं बसल्या-बसल्या खालच्या थराचा वास येते. तुम्ही भिंत खांबापासून सोडवायची म्हणता. किती सोडवायची?"

"दोन बोटं पुरे. पण जाळी बसवायची असली तं वीतभरही चालते."

"खालून वरपर्यंत?"

"हाव, खालून वरपर्यंत."

"मग तिथूनच हवा येऊ द्या न! आडवी भोकं बंद करा, उभ्या फटी ठेवा. खांबाले वाकायले जागा अन् मालाले बुडातून हवा. दोघांचंही काम होते." त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि खाली हाक मारली, "ऐकलं का? वर या. भाऊजी आले आहेत, त्यांना मीच बोलावलं." 

त्या वीतभर फटी मी पहिल्या वेळी फोडल्या होत्या. हातात आलेलं उत्तर मी स्वतः उभं राहून सिमेंटने बुजवलं होतं! डिप्लोमा माझ्या भिंतीवर लटकत होता आणि अक्कल या पाटावर बसली होती. वामनराव वर आले, बायकोचं बोलणं ऐकून घेतलं, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "नत्थूले सांगा, सोमवारी ये म्हणा." 

ते काम आम्ही जीव ओतून केलं. जाळ्या काढल्या, स्वेटर पार बीमपर्यंत नेलं, सळया वरच्या स्लॅबमधून आरपार घेतल्या. भिंत प्रत्येक खांबापासून सोडवली. मोकळी झालेली भिंत धक्क्याने आडवी पडू नये म्हणून तिच्या माथ्यावर काँक्रीटचा पट्टा ओतला आणि लोखंडी पट्ट्यांनी तिला खांबाशी धरून ठेवलं, पण सैल, हलायला वाव ठेवून. माथ्यावरची मोकळी जागा हलक्या पत्र्याने झाकली. उभ्या फटींना बारीक जाळी लावली, नाही तर उंदरांनी मला आयुष्यभर दुवा दिला असता. पुढच्या हंगामात बुडाचा माल कमी सडला. वामनराव मंडईत सांगू लागले की फटींची कल्पना त्यांची. अनसूयाबाई वरून ऐकायच्या आणि हसायच्या.

आणि मग ते दहा सेकंद आले.

सकाळचे अकरा वाजले असतील. मी दुकानात स्टुलावर बसून रेघ ओढत होतो. रेघ आपोआप वाकडी गेली. मग दिसलं की दिवा डुलतोय, खिडकीची काच कडकडतेय, आणि बाहेर कोणीतरी "धरणी हालली वं माय!" म्हणून ओरडलं. मी स्टुलावरून उडी मारली आणि पळत सुटलो. विचार केला नाही. माझं घर दुकानामागच्या गल्लीत, दुसरंच दार. ती गल्ली माझ्या डाव्या हाताला आली, मागे पडली, आणि मी सरळ वामनरावांच्या गोदामाकडे पळालो.

पोचेपर्यंत सगळं थांबलं होतं. रस्ताभर माणसं. त्यांच्यात वामनराव, बनियनवर, एका पायात चप्पल. गोदामात एक ढीग घसरून संत्री दारापर्यंत आलेली. मी त्यांच्यातून वाट काढत खांबापाशी गेलो. एकेक खांब हाताने चाचपला. गळ्यावर केसाइतकीही चीर नव्हती. भिंत एका ठिकाणी पट्टीशी किंचित घासून पांढरी झाली होती, म्हणजे ती हलली होती आणि खांबाला तिने धरलं नव्हतं. मी तिथेच संत्र्यांत बसलो.

प्रामाणिकपणे सांगतो, धक्का अगदी किरकोळ होता. गावात छपरांवरचे दोन-चार कवेलू पडले, एवढंच. जुने खांबही कदाचित तगले असते. माझं काम खरं ठरलं की नाही ते मला आजही माहीत नाही, आणि ते कधीच न कळो.

वरून आवाज आला, "कोण आहे खाली?"

"मी, वहिनी! तुम्ही बऱ्या आहात न?"

अनसूयाबाई जिन्याच्या वरच्या पायरीवर बसल्या होत्या, मांडीवर हात ठेवून. उतरायला निघाल्या आणि पहिल्याच पायरीवर भूकंप संपला. "मी बरी आहे. आमचे कुठे आहेत?"

मी बाहेर बोट दाखवलं. वामनराव खाली मान घालून दारात उभे होते. अनसूयाबाईंनी एकदा आम्हा दोघांकडे पाहिलं आणि त्या म्हणाल्या, "हे बायकोले सोडून बाहेर पळाले. अन् तुम्ही, भाऊजी? सुमनबाई कुठे आहेत?"

मला तोवर सुमन आठवली नव्हती. खोटं लिहिण्यात अर्थ नाही. त्या पायरीवरून प्रश्न आला, तेव्हा आठवली. माझं घर जुनं, माती-विटांचं. स्वयंपाकघराच्या भिंतीला उभी भेग होती. "एकदा पाहून घ्या न," असं ती चार वर्षांपासून म्हणत होती आणि मी "पाहतो" म्हणत होतो. साऱ्या गावाच्या भिंती मी पाहिल्या होत्या.

"जा आधी घरी!" अनसूयाबाई ओरडल्या. पहिल्यांदाच त्या माझ्यावर ओरडल्या.

मी जेवढ्या जोरात आलो होतो त्याच्या दुप्पट जोरात पळालो. गल्लीच्या तोंडाशी सुमन उभी होती. कणकेने भरलेले हात, पदर खांद्यावरून घसरलेला, आणि छातीशी कवटाळलेली कागदांची मोठी गुंडाळी. घरातून निघताना तिने दागिन्यांचा डबा उचलला नव्हता, देव उचलले नव्हते. माझे नकाशे उचलले होते.

"हे काहून आणलं?" मी विचारलं.

"वाटलं, तुम्ही दुकानातून पहिले घरी याल," ती म्हणाली. रागावलेली नव्हती, तेच जास्त लागलं. "नाही आले. मग वाटलं, आले तं हेच पाह्यले याल. म्हणून काढून आणले."

दुसऱ्या दिवशी सकाळी नत्थू मिस्त्री आमच्या स्वयंपाकघरात होता. त्याने भेगेवर हातोडी ठोकली, कान लावला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मीच मान खाली घातली. भिंत उतरवून नवी घेतली, कोपऱ्यांत खांब दिले, पट्टे दिले. त्या घराचा नकाशा मी आयुष्यात पहिल्यांदा काढला.

वामनरावांच्या गोदामाच्या दुरुस्तीचा नकाशा अजून माझ्याकडे आहे. आता तो पिवळा पडलाय. त्याच्या कडेला, सहाव्या खांबाशेजारी, वाळलेल्या कणकेच्या चार बोटांचे ठसे आहेत. आत्ता हे लिहिताना तो उघडून ठेवलाय. सुमन चहा घेऊन आली, ठशांकडे पाहून म्हणाली, "पुसून टाका न ते, किती घाण दिसते." मी नुसतं "पाहतो" म्हटलं.